नमाजाची वेळ पाहायला आपला ठावठिकाणा कशाला द्यायचा?

खडवलीहून सकाळची लोकल पकडून कल्याण-ठाण्याला कामाला जाणाऱ्या माणसाचा मोबाइल दिवसभर त्याच्या खिशात असतो. रात्री तो जिथे थांबतो ते घर. दिवसा आठ-नऊ तास थांबतो ते कामाचं ठिकाण. दर जुम्म्याला दुपारी थांबतो ती मशीद. एवढी नोंद कुणाच्या हाती लागली, तर नाव विचारायची गरजही उरत नाही.

ही नुसती भीती नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने एक बातमी उघड केली. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा आणि किब्ला दाखवणारं ॲप वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ या कंपनीला देत होतं, आणि एक्स-मोड अशी माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. तेव्हा हे ॲप जगभरात ९ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेलं होतं. आपण लष्कराला माहिती विकतो, हे ॲपच्या कंपनीने नाकारलं. पण एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडवर कारवाई केली आणि दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला तिला मनाई केली.

मोफत ॲपची किंमत

ॲप मोफत असलं तरी ते चालवायला खर्च येतो. तो बहुतेक वेळा जाहिरातींतून निघतो, आणि जाहिरातदाराला आपण कोण, कुठे जातो, काय विकत घेतो हे हवं असतं. गुगल आणि मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपची कंपनी) यांच्या कमाईचा मोठा वाटा जाहिरातींचाच आहे. मेल, नकाशा, फोटो, व्हिडिओ आणि गप्पा सगळंच दोन-तीन कंपन्यांकडे असलं, की आपल्या आयुष्याचं पूर्ण चित्र त्यांच्याकडे जमा होतं.

वेळेसाठी खरंच किती माहिती लागते?

नमाजाच्या वेळा सूर्यावरून ठरतात. त्यासाठी गावाचे अक्षांश-रेखांश पुरतात. तुम्ही कुठल्या गल्लीत आहात हे कळावं लागत नाही. एका रेखांशाने वेळ ४ मिनिटांनी बदलते. कल्याण आणि खडवलीत एका रेखांशाच्या दहाव्या भागाइतकाच फरक आहे, म्हणजे वेळेत साधारण अर्धा मिनिट. कल्याणच्या मशिदीचं छापील वेळापत्रक खडवलीत सहज चालतं. किब्लाही रोज बदलत नाही: आपल्या भागातून तो पश्चिमेपासून साधारण १० अंश उत्तरेकडे आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या पट्ट्यात कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, तर इतर अनेक कुटुंबं हनफी. दोघांची असरची वेळ वेगळी धरली जाते. ॲपमध्ये आधीपासून जे निवडलेलं असेल ते तुमच्या मसलकाचं असेलच असं नाही. मोहल्ल्याच्या मशिदीचा तक्ता इथेही जास्त भरवशाचा.

घरात काय करता येईल

सगळं एका दिवसात सोडा, असं आम्ही म्हणत नाही. शाळेचा ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे, दुकानाचं पेमेंट फोनवर आहे. पण एकेक करून सुरुवात करता येते.

१. ठिकाणाची परवानगी तपासा. सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडून कोणकोणत्या ॲपला परवानगी दिली आहे ते पाहा. ज्याला गरज नाही त्याची काढून घ्या. नमाजाच्या ॲपमध्ये शहराचं नाव हाताने निवडा. एकाही ॲपला ‘नेहमी परवानगी’ कशाला हवी, हे स्वतःला विचारा.

२. जाहिरात ओळख पुसा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ॲड्स इथे जाहिरातीसाठी दिलेली ओळख काढून टाकता येते. गुगल मॅप्सची टाइमलाइन बंद करून जुनी नोंदही पुसा.

३. पर्याय वापरून पाहा. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स. नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की तो नेट नसतानाही चालतो. अजानसाठी ‘अल-अजान’ हे जाहिराती नसलेलं ॲप आहे, आणि त्याचा कोड सगळ्यांना पाहता येतो.

४. घरच्या गप्पा वेगळ्या ठेवा. व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, पण तुम्ही कुणाशी आणि कधी बोललात ही माहिती कंपनीकडे जाते. बॅकअपला वेगळं कुलूप लावावं लागतं. ते सेटिंग्जमध्ये सुरू करा. अम्मी-अब्बा, भाऊ-बहिणींसाठी सिग्नलवर एक ग्रुप काढा. सिग्नल नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचं आहे.

एक खरं सांगायला हवं: आधीच गेलेली माहिती ॲप काढून टाकल्याने परत येत नाही. पण उद्यापासूनची नोंद थांबते.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती जितकी सहज दिली तितकीच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

आपल्या फोनमध्ये फक्त आपली माहिती नसते. बहिणीचे फोटो, शेजाऱ्याचा नंबर, जमातीच्या ग्रुपमधली नावं हेही असतं. ही दुसऱ्यांची अमानत आहे. येत्या जुम्म्याला मशिदीतून वेळापत्रकाचा एक कागद आणा, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा, आणि त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या फोनमधली लोकेशनची यादी एकत्र बसून पाहा. सुरुवातीला एवढं पुरे.