लिओनार्दोच्या वह्यांतील घर्षणविचार

लिओनार्दो दा विंचीची कीर्ती चित्रकार म्हणून दिगंत पसरली असली, तरी मिलानच्या लुदोविको स्फोर्झाच्या पदरी असताना त्याने ज्या वह्या उजवीकडून डावीकडे, आरशात धरल्यावाचून सहज वाचता न येणाऱ्या अक्षरांनी भरल्या, त्यांत साठलेला गतिशास्त्राचा व यंत्रविद्येचा ऐवज त्याच्या चित्रांइतकाच वंदनीय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच ठोकळा कधी आडवा, कधी उभा ठेवावा, त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली सोडून तिच्या टोकाला वजन टांगावे, अशी रेखाटने त्यांत आढळतात. आणि स्पर्शाचे क्षेत्र पालटले तरी घर्षण पालटत नाही, भार दुप्पट केला की मात्र तेही दुप्पट होते, हा नियम त्याने या साध्या साधनांतून सिद्ध केला.

१५१९ साली तो निवर्तल्यावर हे सारे दप्तर त्याचा शिष्य फ्रांचेस्को मेल्झी याने जिवापाड जपले; पुढे वारसांच्या हयगयीने ते चहूकडे विखुरले. तोच नियम फ्रान्समध्ये गियोम आमोंतोंला १६९९ साली नव्याने मांडावा लागला. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चुकीच्या नोंदीखाली पडून राहिलेल्या दोन वह्या तर १९६७ साली जगापुढे आल्या.