छंद, भट्टी आणि बेतणी : बडोद्यातील एक घरगुती इतिहास



स्मृतिव्याख्यानात राजे, ग्रंथ आणि चळवळी यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी आज नानकटाईच्या ताटाविषयी आणि शिवणाच्या सुईविषयी बोलणार आहे. या दोन्ही गोष्टींना आपण 'छंद' म्हणून इतिहासाच्या ओसरीवरच थांबवले. वस्तुतः संस्कृतात 'छंद' म्हणजे इच्छा आणि 'छंदस्' म्हणजे वृत्त. आपल्या मर्जीने, परंतु मापात केलेले काम, असा दुहेरी अर्थ या शब्दाला चिकटलेला आहे. 'फावल्या वेळचा उद्योग' हा अर्थ त्या मानाने फार उणा वाटतो.

भट्टीत भाजणे ही साहेबाची देणगी, असा एक समज आहे. पण चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे निनाव आणि पाठारे प्रभूंचे भानोले खालीवर निखारे ठेवूनच भाजले जात. आपल्या भाषेने त्यासाठी निराळे क्रियापद घडवले नाही. वांगेही भाजायचे आणि केकही भाजायचा. 'नानकटाई'तील 'नान' फारसीतून आले, आणि त्या खाऊचे नाते सुरतेच्या डच वखारीशी सांगितले जाते. सयाजीगंजातील आमच्या घरी शेगडीवर जाड पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून आई केक भाजीत असे. नानकटाईसाठी मात्र रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन भट्टीवर जावे लागे. ताटे आपली, पीठ आपले, हात आपला. विस्तव तेवढा भट्टीवाल्याचा. भट्टीपाशी थांबलेल्या बायकांचे ते दोन तास मला आजही महत्त्वाचे वाटतात. स्वयंपाक रोजचा आणि सक्तीचा होता. ही भाजणी मात्र त्यांनी स्वतः ठरवलेली होती.

या हस्तकौशल्याकडे बडोदे राज्याचे लक्ष लवकर गेले. १९०६ साली राज्यभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या या नगरीत १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघाले. शिवण ही स्त्रीची मिळकत होऊ शकते, हा विचार त्यामागे होता. पुढे १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी याच चिमणाबाई होत्या.

शिवणाची खरी परीक्षा मात्र रंगभूमीवर झाली, असे माझे मत आहे. बडोदे सरकारचा आश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९१९ मध्ये याच शहरात केला. नाटककार गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात निवर्तले होते. शालू-पैठण्यांनी प्रेक्षकांचे डोळे दिपवणारे बालगंधर्व सिंधूच्या दारिद्र्याच्या प्रवेशांत ठिगळांच्या लुगड्यात उभे राहिले. घरी ठिगळ लावायचे ते दिसू नये म्हणून. रंगभूमीवरचे ठिगळ शेवटच्या रांगेतूनही दिसले पाहिजे, आणि ते लुगडे फाटके भासूनही प्रयोगामागून प्रयोग टिकले पाहिजे. यासाठी लागणारी बुद्धी नेपथ्यकाराच्या बुद्धीहून कमी प्रतीची कशी मानावी? नाटकाच्या जाहिरातीत नाटककार असे, नट असे. सुई धरणाऱ्याला तेथे जागा नव्हती.

हीच बुद्धी शाळांच्या स्नेहसंमेलनांत घरोघर कामाला येई. जुन्या पातळाची बाराबंदी, पुठ्ठ्यावर बेगड चिकटवून केलेला मुकुट, आजोबांच्या उपरण्याचा शेला! दोन अंकांमध्ये मावळ्याचा मोगल करायचा, तर बंद कोठे लावायचे आणि टाचणी कोठे पुरेल, हे त्या माउल्या कागदावर आखून ठेवीत. (एका वर्षी आमचा अफझलखान आईच्या नऊवारीत अवतरला होता आणि विलक्षण भारदस्त दिसला होता.)

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कुलगुरू हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत १९५० साली गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 'सर्व पुरुष' हे शब्द काढून तेथे 'सर्व मानव' असे घालायला लावणाऱ्या या विदुषीने अन्न आणि वस्त्र यांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्थान दिले, हा मला योगायोग वाटत नाही. सयाजीगंजापासून पायी जाण्याच्या अंतरावर पाव का फुगतो आणि कापड तिरपे बेतले की अंगावर निराळे का पडते, हे मुली प्रयोगशाळेत शिकू लागल्या. स्त्रियांना पुन्हा चुलीकडेच धाडल्याचा आक्षेप गृहविज्ञानावर घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. मुलग्यांना हे विषय शिकवण्याचा आग्रह फारसा कोणी धरला नाही. तथापि, आईने अंदाजाने जाणलेले ज्ञान वहीत उतरले, त्याला वजन आणि तापमान मिळाले, हेही खरे.

विद्यापीठातल्या वह्या ग्रंथालयात राहतात. घरातल्या वह्या रद्दीत जातात. म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरी आई-आजीची पाककृतींची वही असेल, संमेलनाच्या पोशाखांचे कागदी नमुने असतील, तर ते शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावेत. पानांवर तुपाचे डाग असतील तर असू द्यावेत. मात्र पहिल्या पानावर त्या स्त्रीचे पूर्ण नाव लिहावे. तिचे स्वतःचे, नुसते 'अमक्यांच्या मातोश्री' असे नव्हे.