अमृतराव घाट आणि गंगेवरील ओढत्या आगबोटी

काशीच्या घाटांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बहुतेक लेखकांची दृष्टी पाण्याकडून पायऱ्यांकडे आणि पायऱ्यांवरून शिखरांकडे जाते. कोणी देवळे मोजली, कोणी दानपत्रे वाचली, कोणी मराठी सरदारांच्या औदार्याचे गुणगान केले. ते योग्यच होय. परंतु घाट हा जसा स्नानाचा तसाच नाव लागण्याचा आहे, त्यापुढे वाहते ते तीर्थ आहे तसाच तो एक राजमार्गही होता, ही गोष्ट आम्हां मराठी माणसांच्या ध्यानात सहसा येत नाही. या लेखात आम्ही पायऱ्यांकडे पाठ करून पाण्याकडे पाहणार आहोत. आणि त्यासाठी जागा निवडली आहे ती नारद घाटाच्या शेजारचा अमृतराव घाट, म्हणजे ज्याला आज राजा घाट या नावानेही ओळखतात तो.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावांचे थोरले बंधू. इ. स. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, बाजीराव कोकणात उतरून इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोहोचले आणि पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांच्या हाती आला. पुढील वर्षी वेलस्ली पुण्यात आला, तेव्हा तो कारभार संपला. अमृतरावांनी कंपनीशी करार केला, सालीना सात लाखांचे वेतन स्वीकारले आणि उत्तरेची वाट धरली. काशीचा हा घाट त्यांनी दगडी बांधला तो १८०७ च्या सुमारास. घाटावर देवालये उभी राहिली, अन्नछत्र चालू झाले. १८२४ साली अमृतराव निवर्तले. राज्य गेलेल्या पुरुषाने आपले द्रव्य पायऱ्यांत घातले, एवढाच या बांधकामाचा अर्थ बहुधा लावला जातो.

पण ज्या वर्षांत या पायऱ्या जुन्या होत होत्या, त्याच वर्षांत त्यांच्यापुढच्या पाण्यावर एक नवी शक्ती येऊ घातली होती. ती ओळखण्यासाठी आधीची स्थिती समजून घेतली पाहिजे. कलकत्त्याहून काशीस येणारी नाव पूर्वेचा वारा असेल तर शिडावर चाले. वारा पडला की नावाडी काठावर उतरत आणि लांब दोर खांद्यावर घेऊन, चिखलातून, बाभळींतून, कोसळत्या दरडींखालून नाव ओढीत. प्रवाहाविरुद्ध काशीपर्यंतचा हा प्रवास दोन-तीन महिन्यांचा असे. लष्कराची पलटण असो, खजिना असो वा गव्हर्नर जनरलची स्वारी असो, सर्वांचा वेग शेवटी त्या दोर ओढणाऱ्या माणसांच्या पावलांचा वेग होता.

या खांद्यांच्या जागी वाफ आणण्याचे श्रेय ज्यांना देता येईल अशा दोन बोटी गंगेच्या नव्हत्या. पहिली ‘डायना’. ती १८२३ साली खिदिरपूरच्या गोदीत पाण्यात उतरली. पुढील वर्षी ब्रह्मी युद्ध पेटले, तेव्हा आरमारी अधिकारी व पुढे कादंबरीकार म्हणून नाव मिळवणारा कॅप्टन मॅरियट याच्या आग्रहावरून सरकारने ती विकत घेतली. तिची यंत्रे अवघी बत्तीस अश्वशक्तीची; तथापि इरावतीच्या प्रवाहाविरुद्ध शिडाची लढाऊ जहाजे आणि सैनिकांच्या नावा ओढून नेण्याचे काम तिने केले. वारा पडला म्हणजे जी गलबते लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून राहत, ती या लहानग्या बोटीमागे मुकाट्याने चालू लागली. दुसरी ‘एंटरप्राइझ’. ही खरी समुद्रगामी. १८२५ च्या ऑगस्टात फाल्मथहून निघून आफ्रिकेला वळसा घालून ती ११३ दिवसांनी कलकत्त्यास आली. प्रवर्तकांनी योजलेल्या सत्तर दिवसांच्या मानाने हा उशीर मोठा होता. पण सरकारला तिची निकड होती, म्हणून तिलाही विकत घेऊन ब्रह्मी युद्धाच्या कामी लावण्यात आले. तिचा कप्तान जेम्स हेन्री जॉन्स्टन हा पुढे कंपनीच्या आगबोटींचा मुख्य नियंत्रक झाला, आणि समुद्राचा हा मनुष्य आता नदीकडे वळला.

१८२८ च्या पावसाळ्याअखेर जॉन्स्टनने ‘हुगळी’ नावाची लाकडी आगबोट प्रयागपर्यंत नेऊन दाखवली. प्रयाग गाठायचे म्हणजे काशीवरून जाणे आलेच. तेव्हा अमृतराव घाटापुढून धुराची रेघ प्रथम गेली ती या फेरीत. मात्र प्रयोगाने एक दोषही उघड केला. पुरात जे साधले ते उन्हाळ्यात साधणारे नव्हते, कारण लाकडी बोट पाण्यात फार खोल बुडे. जॉन्स्टन विलायतेस गेला, आणि त्याच्या योजनेप्रमाणे लंडनच्या मॉड्स्ले कारखान्यात लोखंडी बोटी तयार झाल्या. त्या सुट्या भागांत कलकत्त्यास आणून जोडण्यात आल्या. पहिलीचे नाव ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’. मागोमाग ‘टेम्स’, ‘मेघना’ आणि ‘जमना’. बेंटिंक बोटीची लांबी १२० फूट, रुंदी २२ फूट, यंत्रे दोन, प्रत्येकी तीस अश्वशक्तीची. आणि एवढे सर्व सुमारे दोन फूट पाण्यावर तरणारे. १८३४ साली कलकत्ता-प्रयाग फेऱ्या सुरू झाल्या.

या बोटींची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या स्वतः उतारू वाहून नेत नसत. यंत्र, बाष्पपात्र आणि कोळसा यांनीच त्यांचे पोट भरून जाई. माल आणि माणसे असत ती मागे जोडलेल्या, सपाट तळाच्या, यंत्ररहित नावेत. तिला ‘फ्लॅट’ म्हणत. यात दुहेरी सोय होती. वजन दोन नावांवर वाटले गेल्यामुळे दोन्ही उथळ पाण्यावर तरत. शिवाय साहेबलोकांना बाष्पपात्राच्या उष्णतेपासून आणि ते फुटण्याच्या धास्तीपासून दूर राहता येई. म्हणजे व्यवस्थेची विभागणी अशी: पुढे काळे खलाशी आणि भट्टीवरचे मजूर घाम गाळीत असत, आणि मागे पडदे लावलेल्या खोल्यांतून राज्यकर्ते चालले असत. दोर तोच राहिला; फक्त तो खांद्यावरून सुटून आगबोटीच्या खुंटाला बांधला गेला.

सेवा अर्थात निर्वेध नव्हती. हिवाळ्या-उन्हाळ्यात हुगळीकडची वाट पाण्याअभावी बंद होई, मग सुंदरबनाला वळसा घालून शेकडो मैल अधिक जावे लागे. गंगा आपले पात्र दरवर्षी बदलते. काल जेथे पाणी होते तेथे आज वाळू, आणि रुतलेली बोट सोडवण्यात दिवस जात. वाटेत ठिकठिकाणी कोळशाचे साठे ठेवावे लागत. तरीही तीन महिन्यांचा प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांवर आला, आणि फ्लॅटमधील जागेसाठी कलकत्त्यास लिलाव होऊ लागले. सरकारी खजिना, शस्त्रास्त्रे आणि विलायती माल वर जाई. नीळ आणि रेशीम खाली येई. नफा दिसताच खाजगी मंडळीही उतरली. १८४४ साली इंडिया जनरल कंपनी निघाली.

या बोटींचे खरे मोल मात्र १८५७ साली कळून आले. ३ जुलै रोजी प्रयागहून ‘ब्रह्मपुत्रा’ ही आगबोट कॅप्टन स्पर्जिनची शंभर माणसे आणि दोन तोफा घेऊन कानपूरच्या दिशेने निघाली. रस्त्याने हॅवलॉकची फौज आणि पाण्याने ही बोट, अशी ती चाल होती. कानपुरास समोर होते नानासाहेब पेशवे, म्हणजे बाजीरावांचे दत्तक पुत्र आणि नात्याने अमृतरावांचे पुतणे. ऑगस्टात कलकत्त्यास आलेल्या ‘शॅनन’ या युद्धनौकेवरचे चारशेवर दर्यावर्दी कॅप्टन विल्यम पील याच्या हाताखाली नदीमार्गाने निघाले. त्यांना घेऊन चालली होती ‘चुनार’ नावाची आगबोट आणि तिच्यामागे बांधलेला फ्लॅट. बरोबर जहाजावरच्या तोफा होत्या, एकेक तीन टनांहून जड. भाद्रपदातल्या पुराशी झगडत ती मंडळी ऑक्टोबरच्या आरंभी प्रयागास पोहोचली. ज्या चुनारच्या दगडाने काशीचे बहुतेक घाट बांधले, त्याच गावाचे नाव धारण करणारी ही बोट पेशव्यांच्या घराण्याविरुद्धची तोफ ओढीत पेशव्यांच्याच घाटापुढून गेली. ६ डिसेंबरला कानपुराबाहेर तात्या टोप्यांच्या फौजेचा मोड झाला, त्या दिवशी पीलचे दर्यावर्दी आपली चोवीस पौंडी तोफ हातांनी ओढीत आघाडीवर होते.

घराण्याच्या या शाखेचा शेवटही सांगितला पाहिजे. अमृतरावांचे पुत्र विनायकराव चित्रकूटजवळ कर्वीस राहत. ते १८५३ साली वारले. त्यांच्यामागे नारायणराव आणि माधवराव हे वारस राहिले. १८५८ च्या जूनमध्ये जनरल व्हिटलॉकने कर्वीचा वाडा प्रतिकाराविना घेतला आणि अपार संपत्ती त्याच्या हाती लागली. नारायणराव हजारीबागेस कैदेत वारले. माधवराव बालक म्हणून वाचले. लूट कोणत्या सैन्याने किती घ्यावी याचा वाद इंग्लंडात वर्षानुवर्षे चालला, आणि १८६६ साली त्याचा निर्णय दिला तो तेथील आरमारी न्यायालयाने. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मराठी वाड्यातील सोन्याची वाटणी आरमारी न्यायाधीशाने करावी, यात विनोद असेल तर तो फार कडवट आहे.

कडवट अशासाठी की आरमार ही वस्तू मराठ्यांना अपरिचित नव्हती. शिवछत्रपतींनी ते उभारले, कान्होजी आंग्र्यांनी त्याचा दरारा बसवला. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते इंग्रजांनी आणि पेशव्यांनी मिळून केलेल्या मोहिमेत; आणि तेव्हाचे पेशवे नानासाहेब हे अमृतरावांचे चुलते लागत. ज्या घराण्याने पाण्यावरची सत्ता अशा रीतीने हातची घालवली, त्याच घराण्यातील पुरुष अर्ध्या शतकानंतर गंगेच्या काठी दगडी पायऱ्या बांधीत होता. पायऱ्या त्याच्या होत्या, प्रवाह दुसऱ्याचा झाला होता. आम्ही हे अमृतरावांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. वेतनावर जगणाऱ्या पुरुषाच्या हाती तेवढेच उरले होते, आणि जे उरले त्यातून त्याने भुकेल्यांना अन्न घातले. पण राष्ट्र म्हणून आपण जो हिशेब मांडतो त्यात देवळांइतकीच या ओढत्या बोटींचीही नोंद हवी.

त्या बोटींचे आयुष्यही फार मोठे ठरले नाही. १८६२ साली लोहमार्ग काशीसमोरच्या तीरापर्यंत आला आणि नदीवरचा धूर विरत गेला. १८८७ मध्ये गंगेवर पूल झाला. युद्धांच्या इतिहासात पीलचे नाव आहे, हॅवलॉकचे आहे. ‘चुनार’चा उल्लेख एखाद्या ओळीत येतो, तिच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्यांचा तेवढाही येत नाही. त्यांच्याआधी ज्यांनी खांद्यावर दोर वाहिला त्यांचे तर नावच नाही. अमृतराव घाट मात्र उभा आहे. त्याच्या पायऱ्या वाचताना यापुढे शेवटच्या पायरीवर न थांबता आणखी थोडे पुढे, पाण्यापर्यंत वाचावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.