हिवाळ्यात अंगणात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांना काय हवं असतं?

अहिल्यानगर जिल्ह्यात थंडी सुरू झाली की शेपटी सतत थरथरवणारा छोटा पक्षी कुंपणावर दिसू लागतो. हा थिरथिरा. हिमालय आणि मध्य आशियातून तो हिवाळ्यापुरता इकडे येतो.

आपण हौसेनं तांदूळ, बाजरी टाकतो, पण ती खातात चिमण्या आणि पारवे. थिरथिरा मुख्यतः कीटकांवर जगतो. झाडाखालच्या पालापाचोळ्यात किडे, कोळी, अळ्या असतात. सकाळच्या शेकोटीत तोच पाला गेला, तर त्याचं ताटच जळालं म्हणायचं.

म्हणून पाला बुंध्याशी पसरून ठेवा, त्यानं जमिनीत ओलही टिकते. कीटकनाशक फवारणं टाळा. उथळ, पसरट भांड्यात पाणी ठेवून रोज बदला. वसंतात थिरथिरा परतला तरी भांडं उचलू नका, उन्हाळ्यात ते चिमण्यांना लागेल.