मुकी पेटी आणि बोलका सर्व्हर

घरात संगीत ऐकायच्या यंत्रांचा इतिहास म्हटलं की ग्रामोफोन, टेप, सीडी अशी माळ आपल्याला पाठ असते. आज मी एकच पेटी घेणार आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला छळणारा एक प्रश्न तिच्यात आहे : यंत्र विकत घेतलं म्हणजे नेमकं काय आपलं झालं?

2001 साली कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने ‘स्लिम्प-3’ हा प्लेअर आणला. त्यात गाणी साठवायची सोयच नव्हती. गाणी घरच्या कॉम्प्युटरवर, आणि तिथेच पर्ल भाषेत लिहिलेला सर्व्हर. तो फोल्डर चाळून गायक-अल्बमच्या नोंदींची सूची बांधायचा आणि मागाल ते गाणं नेटवर्कवरून पेटीकडे पाठवायचा. भाता दुसऱ्या खोलीत ठेवलेली हार्मोनियम म्हणा ना. सर्व्हर बंद, की पेटी मुकी.

पण त्या सर्व्हरचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. हा परवाना रिचर्ड स्टॉलमनचा, पहिली आवृत्ती 1989 ची. प्रोग्राम वाचा, बदला, बदललेला वाटा. मात्र पुढच्यालाही तीच मोकळीक द्या.

2006 मध्ये लॉजिटेकने ही कंपनी घेतली. मग बारशांवर बारशी : स्लिमसर्व्हर, स्क्वीझसेंटर, स्क्वीझबॉक्स सर्व्हर, लॉजिटेक मीडिया सर्व्हर. 2012 मध्ये या पेट्यांची मालिका गुंडाळली गेली. 2024 मध्ये कंपनीची ऑनलाइन सेवाही बंद झाली.

एरवी अशा वेळी पेटी भंगारात जाते. इथे गेली नाही, आणि का, ते बिघाडाकडे पाहिल्यावर कळतं. समजा, तुम्ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत केली. तिच्याबरोबर पर्लची नवी आवृत्ती आली. सर्व्हरचे काही भाग ठरावीक पर्ल आवृत्त्यांसाठीच तयार केलेले असतात. नवी त्यांत बसली नाही, की सर्व्हर सुरूच होत नाही. गाणी शाबूत, पेटी शाबूत, घर मात्र गप्प! सूची बिघडली तर ती पुसून पुन्हा स्कॅन करता येते, ते आपल्या हातात आहे. पर्लचं दुखणं तसं नाही. त्यासाठी कुणीतरी कोड उघडून ते भाग नव्याने तयार करावे लागतात. ते एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी केलं, वर्षानुवर्षं. ऑनलाइन सेवेवर अवलंबून असलेली कामंही त्यांनी सर्व्हरमध्येच आणली. आता त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. जुनी पेटी नसेल तर रास्पबेरी पायवर स्क्वीझलाइट हा प्रोग्राम घाला. सर्व्हर त्यालाही पेटीच मानतो.

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? इथे मालक बदलला, नाव बदललं, पेटीही बदलली. बौद्ध उत्तर असं, की ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. मला ते इथे अपुरं वाटतं. जुळणी तर सारखी मोडत होती. दुरुस्तीची परवानगी तेवढी मोडली नाही. अर्थात परवानगी स्वतः काही दुरुस्त करत नाही. ती राबवणारी मूठभर माणसं दमली तर काय, हा प्रश्न परवान्यात सुटलेला नाही.

शेवटी कुणी विचारेलच म्हणून आधी सांगून ठेवतो : अपडेट करण्यापूर्वी सर्व्हर थांबवा आणि सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. सूची पुन्हा बांधता येते, सेटिंग्ज मात्र एकेक करून हातानेच भरावी लागतात.