बेन्झोडायझेपाइन : झोपेच्या गोळीमागचे विज्ञान

झोप न लागणे, अकारण धास्तावणे, पाठीचे स्नायू आखडणे या तिन्ही तक्रारींवर पुष्कळदा एकाच कुळातील औषध दिले जाते. ते कुळ म्हणजे बेन्झोडायझेपाइन. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यातील परिचित नावे.

या कुळाचा शोध काहीसा योगायोगाने लागला. हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील नटली येथील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी बनविलेले एक संयुग न तपासताच पडून राहिले होते. १९५७ मध्ये आवराआवर करताना ते हाती लागले आणि १९६० मध्ये 'लिब्रियम' नावाने बाजारात आले. १९६३ मध्ये 'व्हॅलियम', म्हणजे डायझेपाम आले. भारतात त्याचे 'काम्पोज' हे व्यापारी नाव असे रुळले की अनेकांना तेच औषधाचे नाव वाटते.

मेंदूतील चेतापेशींना आवर घालण्याचे काम गॅबा हे रसायन करते. ते आपल्या ग्राहीला चिकटले की पेशीत क्लोराइड आयन शिरतात व पेशी शांत होते. बेन्झोडायझेपाइन त्याच ग्राहीवर निराळ्या जागी बसते आणि गॅबाचा परिणाम वाढविते. गॅबा नसेल तर ते जवळजवळ निष्प्रभ असते. त्याआधीची बार्बिट्युरेट औषधे मोठ्या मात्रेत गॅबाविनाही ग्राही उघडत, म्हणून त्यांची अतिमात्रा सहज प्राणघातक ठरे. नव्या गोळ्या त्यामानाने सुरक्षित, पण एकट्या घेतल्या तरच. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामके सोबत असतील तर श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

मज्जारज्जूतील याच क्रियेमुळे स्नायू सैलावतात. धनुर्वाताच्या आचक्यांवर डायझेपाम त्यासाठीच वापरतात. शस्त्रक्रियेतील स्नायुशिथिलके मात्र सर्वस्वी वेगळी. ती चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतात व शुद्ध हरपू देत नाहीत. म्हणून त्यांच्यासोबत भूल द्यावीच लागते.

डायझेपाम आणि यकृतात त्यापासून बनणारे घटक शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात. वृद्धांमध्ये हा काळ आणखी लांबतो. सकाळची गुंगी, तोल जाणे, पडून खुब्याचे हाड मोडणे यांचे मूळ अनेकदा रात्रीच्या गोळीत असते, आणि घरचे दोष मात्र वयाला देतात.

खरी अडचण सवयीची आहे. काही आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर मेंदू या वाढीव आवराशी जुळवून घेतो. अशा वेळी 'आता बरे वाटते' म्हणून गोळी एकदम सोडली, तर दबलेली उत्तेजना उसळते: निद्रानाश, थरथर, तीव्र भीती आणि प्रसंगी फिट. रुग्णाला तो मूळचाच आजार वाटतो व गोळी पुन्हा सुरू होते. त्यामुळे मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे किंवा महिने घेऊन उतरवावी लागते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे भारतात २०१३ च्या अधिसूचनेने 'एच-१' परिशिष्टात आली. ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे.