दर्यापूर, वरूड आणि संध्याकाळची वीज

धान्य कणगींत भरून ठेवतां येतें. विजेचें तसें नाहीं. ती ज्या क्षणीं लागते त्याच क्षणीं निर्माण व्हावी लागते, आणि मागणीपुढें पुरवठा तोकडा पडला म्हणजे कोठें तरी अंधार करावाच लागतो. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रावर असाच प्रसंग आला. दाभोळचें केंद्र २००१ पासून बंद होतें, मागणी मात्र वाढतच होती. पारसचें वीज केंद्र अकोला जिल्ह्यांतलेंच; पण तेथील वीज राज्याच्या सामाईक जाळ्यांत जाई. त्यामुळें केंद्र जवळ असूनही वऱ्हाडांतील खेड्यांचें भारनियमन कांहीं टळलें नाहीं.

त्या दिवसांत ‘अक्षय प्रकाश योजना’ निघाली. तिच्या मुळाशीं एक साधा करार होता. संध्याकाळच्या वेळीं गांवानें पंप, पिठाच्या गिरण्या व विजेच्या शेगड्या बंद ठेवाव्या, तारांवर टाकलेले आकडे काढावे, आणि केवळ दिवे व पंखे चालवावे. त्याच्या मोबदल्यांत त्या वेळीं त्या गांवाचे दिवे जाऊं नयेत. परंतु साऱ्या गांवाची तार एकच! दहा घरांनीं पाळलें आणि अकराव्यानें मोटर लावली, तर सर्वांचेंच व्रत मोडे. सरकारी पथकापेक्षां शेजाऱ्याची नजर येथें अधिक उपयोगी होती.

मात्र हा त्याग सर्वत्र सारखा नव्हता, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यांत भूगर्भांतील पाणीच खारट; तेथें पंप थोडे, तेव्हां ते बंद ठेवण्याची झळही थोडी. त्याच अमरावती जिल्ह्यांत वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा खोल विंधन-विहिरींवर जगतात. आंबिया बहाराचें कोंवळें फळ उन्हाळ्यांत पाण्यावांचून गळून पडतें, आणि एकदां गळलेलें फळ परत झाडाला लागत नाहीं. मुलांच्या अभ्यासापुरता दिवा मिळावा म्हणून बागाइतदारानें पंपाचे तास सोडणें, ही लहानसहान मागणी नव्हे. करारांत मात्र दोन्हीं गांवांना अट एकच होती.

पुढें संमतीचा हा प्रश्न यंत्रानें सोडविण्याचा प्रयत्न झाला. संध्याकाळीं तीन फेजची वीज रोखून घरांपुरती एकच फेज देण्याची व्यवस्था आली. अनेक ठिकाणीं गावठाणाचें फीडर शेतीपासून वेगळें करण्यांत आलें. पारसला २५० मेगावॅटचे दोन नवे संचही उभे राहिले. तरी एका फेजवर मोटर चालविण्याची युक्ति शेतकऱ्यांनीं शोधून काढलीच, आणि ज्या तारेवर दिवे व पंप एकत्र होते तेथें रात्रीं दिवे पुन्हां मंद होऊं लागले.